साबुदाण्यावरून काढलेली भरती

दिवाळी झाली की आमच्या उपनगरांतल्या तळ्यांवर आणि खाड्यांवर लांबलांबचे पक्षी उतरतात, आणि मी बोरिवलीहून दुर्बीण घेऊन निघतो. एकटाच. बरोबर आलेल्या प्रत्येकाने एका फेरीतच हात जोडले. कुत्रं दिसलं की मी थांबतो, गवत हललं की मागे सरतो, आणि पक्षी दिसलाच तर तो उडून जाईल या धास्तीने श्वास रोखून धरतो. कोण सोसणार?

भरतीची काळजी मात्र मी कधी केली नाही. आम्ही कोकणातले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आजोबांनी लहानपणीच पाठ करून घेतलेलं. एकादशीला सव्वाआठ, चतुर्थीला तीन. मोबाईलवर बघतात ते लोक वेगळे!

त्या शनिवारी सकाळी ओट्यावर भिजवलेला साबुदाणा झाकून ठेवलेला दिसला. म्हणजे बायकोचा उपास. म्हणजे एकादशी. म्हणजे सव्वाआठला भरती, आणि मग दुपारपर्यंत पाणी उतरतच जाणार. झकास. आधी अंधेरीच्या तळ्यावर पाणकोंबड्या बघायच्या, मग चारकोपच्या खाडीत ओहोटीच्या चिखलावर शेकाटे.

चारकोपला पोचलो तोवर ऊन चढलं होतं. तिवरांच्या झाडीतून एक जुना मातीचा बांध खाडीत जातो. मध्ये एका जागी तो खचलाय. तिथला चिखल ओलांडून मी पार टोकाला जाऊन बसलो. समोर शेकाटे, काडीसारखे गुलाबी पाय उचलत चाललेले. आणि चक्क माझ्याकडे येत होते! थोड्या वेळाने आणखी जवळ. इतक्या वर्षांनी पक्ष्यांनी आपल्याला घरचा मानलं, या विचाराने मला भरून आलं. मग दिसलं, की ते माझ्याकडे येत नव्हते. मागून चढणारं पाणी त्यांना ढकलत होतं.

ओहोटीत पाणी चढतं कसं? घरी फोन लावला.

"अगं, आज एकादशी ना?"

"एकादशी गेल्या आठवड्यात झाली. तेव्हाही माझी खिचडी तुम्हीच संपवलीत. आज संकष्टी. का?"

संकष्टी म्हणजे चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. पाणी अजून दुपारभर चढणार होतं.

"काही नाही, सहज," म्हणत मी फोन तसाच कानाला धरून पळत सुटलो.

खचलेल्या जागी आता चिखल नव्हताच, नुसतं गढूळ पाणी. किती खोल, काही कळेना. आजूबाजूला तिवरं; हाक मारावी तर ऐकायला कोणी नाही. बांधावर थांबावं तर तोही बुडणार. पाय घातला.

"अहो, धापा का टाकताय?"

"बांधावर आहे. जरासं पाणी आलंय."

"जरासं म्हणजे?"

"घोट्यापर्यंत."

"खरं सांगा."

"मांड्यांपर्यंत."

ती ओरडली नाही. तेव्हा मी खरा घाबरलो. एरवी साधा ओला टॉवेल पलंगावर दिसला तरी ओरडणारी बाई!

"फोन वरच्या खिशात टाका," ती हळू आवाजात म्हणाली. "बंद करू नका. दोन्ही हातांनी झाड धरा."

तिवराची फांदी धरून पुढचं पाऊल टाकलं, तर मागचं निघेना. ओढलं, आणखी रुतलं. पाणी कमरेला लागलं.

"बोला काहीतरी!" खिसा म्हणाला.

"पाय अडकलाय."

"बूट काढा."

"नवीन आहेत."

"अहो!"

बूट खाडीला दिला आणि पाय सुटला. पलीकडे मी रांगतच चढलो, आणि रस्ता दिसेपर्यंत थांबलो नाही.

"आलो गं."

खिशातून नाक ओढल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"रिक्षा करा."

"या अवतारात कोण घेणार? चालतच येतो."

"या चालत. पण फोन ठेवू नका."