तिने सांगितलेला मामा

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. निवृत्त झालो, वर्दी परत केली, ओळखपत्र परत केलं. हे तेवढं परत करता आलं नाही. नावं कोणाचीच देत नाही. ज्यांची द्यायला हवीत त्यांच्यातल्या एकावर कोर्टात काही सिद्ध झालं नाही, आणि ज्या मुलींवर हे गुदरलं त्यांची नावं छापण्याचा मला अधिकार नाही.

मी पाच वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर बर्मिंगहॅमला आलो. घरात मराठीच बोलायची, हा आईचा दंडक. त्यामुळे माझी मराठी इथे वाढलेल्या इतरांपेक्षा बरी होती आणि मला त्याचा गर्व होता. डिटेक्टिव्ह सार्जंट झालो तेव्हा अख्ख्या इमारतीत मराठी कळणारा मी एकटाच होतो.

दोन हजारच्या दशकाचा मधला काळ. खबर आली एका वाढदिवसातून. नवऱ्याची नोकरी बदलली म्हणून रीडिंगहून नुकत्याच आमच्याकडे राहायला आलेल्या एका बाईंचा फोन आला. मंडळाच्या गणपतीत त्यांची माझी ओळख झाली होती.

"दादा, तुम्ही पोलिसात ना? मला उगीच कुणावर आळ घ्यायचा नाहीये."

"सांगा तर."

"मुलाच्या बर्थडेला एक फॅमिली आली होती. त्यांच्याबरोबर मोठी मुलगी म्हणून एक अकरा-बारा वर्षांची होती. सगळी पोरं केकवर तुटून पडली, आणि ही किचनमध्ये येऊन मला विचारते, भांडी कुठे घासायची?"

"मदत करत असेल."

"आमच्या घरातली त्या वयाची मुलगी पाण्याचा ग्लास उचलत नाही, दादा. आणि ही आईला आई म्हणत नव्हती. मॅडम म्हणत होती."

मी सोशल सर्व्हिसेसच्या बाईंना घेऊन त्या घरी गेलो. पासपोर्ट खरा होता, पण तो त्या जोडप्याच्या खऱ्या मुलीचा. ती मुंबईत आजीकडे शाळेत जात होती. तिच्या पासपोर्टवर ही दुसरीच मुलगी आणली होती. कल्याणजवळच्या वस्तीतली, आई फुटपाथवर गजरे विकायची. एजंटने आईला शाळेचं आमिष दाखवलं होतं. मुलीला विमानाने ब्रसेल्सला, तिथून गाडीने बोटीवर, आणि तिथून या घरात स्वयंपाकाला आणि दोन बाळं सांभाळायला. अशी मुलं पुरवणारी एक साखळी होती. मुंबईत एक टोक, बेल्जियममध्ये एक, आणि आमच्या शहरात एक कौन्सिलर, म्हणजे नगरसेवक, जो 'बालनृत्य पथका'च्या नावाने व्हिसासाठी शिफारशी करायचा. नाचणारं पोर एकही नव्हतं.

मुलीला एका पालक कुटुंबात ठेवलं आणि जबाब घेतला. अशा जबाबासाठी आमच्याकडे वेगळी खोली असते. सोफा, खेळणी आणि भिंतीत कॅमेरा. नियमाप्रमाणे दुभाषी मागवायला हवा होता. मी म्हटलं, गरज नाही, मराठी माझी आहे. इन्स्पेक्टर खूश झाले, एक कटकट वाचली.

ती खुर्चीच्या टोकावर बसून बोलली. "आम्ही दोघी आलो होतो. धाकटी माझ्याबरोबर होती. बहीण नाही, पण सगळे तिला धाकटीच म्हणायचे. सहा वर्षांची. माझ्याजवळच झोपायची."

"ती आता कुठे आहे?"

"मामाला माहीत. मामा दोनदा आला. काकांनी त्याला चहा दिला. दुसऱ्यांदा आला तेव्हा धाकटीला घेऊन गेला."

काका म्हणजे त्या जोडप्यातला नवरा, घरमालक. त्याला तसं म्हणायला तिला शिकवलं होतं. मामा म्हणजे आईचा भाऊ. माझ्या घरात या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. मी तेच लिहिलं आणि आमची सगळी यंत्रणा आईचा भाऊ शोधायला लागली.

पुढचे आठवडे आठवले की अजून चीड येते. मुंबईला विचारलं, मुलीच्या आईला भाऊ किती? उत्तर आलं की अर्ज योग्य मार्गाने पाठवा. योग्य मार्गाने पाठवला, तर उत्तर आलं की भाऊ नाही. मी म्हटलं, खोटं बोलतायत, पुन्हा विचारा. बेल्जियमकडून कळलं की पत्र फ्रेंचमध्ये हवं. फ्रेंचमध्ये पाठवलं, तर ते कार्यालय डच भाषकांचं निघालं. सोशल सर्व्हिसेसचं म्हणणं, धाकटी आमच्या नोंदीत नाही, म्हणजे आमची जबाबदारी नाही. इमिग्रेशनचं म्हणणं, ती देशात आल्याचीच नोंद नाही, म्हणजे ती आलेलीच नाही. मी त्या बैठकीत विचारलं, "मग ही मुलगी कोणाशेजारी झोपत होती?" अध्यक्षबाईंनी मला सूर सांभाळायला सांगितलं. दरम्यान कौन्सिलरसाहेबांनी आमच्या वरिष्ठांना फोन करून कळवलं की या चौकशीमुळे समाजात नाराजी पसरते आहे.

मधेच एकदा फोटो ओळखायला मुलीला स्टेशनवर आणलं. मागच्या दाराने येताना ती जागच्या जागी थांबली आणि माझी बाही धरून म्हणाली, "मामा इथेच आहे."

मी आजूबाजूला पाहिलं. कॉरिडॉरमध्ये आमचीच माणसं होती. सोशल सर्व्हिसेसच्या बाईंनी विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, दमली आहे, घरच्या माणसाचे भास होतायत.

महाराष्ट्रातल्या वाचकांच्या एव्हाना सगळं लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

ते आणून दिलं घरमालकानेच. त्याची तिसरी चौकशी चालू होती. मशीनमध्ये दोन कॅसेट फिरत होत्या, त्याच्या शेजारी त्याचा वकील आणि माझ्या शेजारी दुभाषी. आरोपीच्या जबाबाला दुभाषी टाळता येत नाही, म्हणून कार्डिफहून एका वयस्क बाईंना बोलावलं होतं. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, मुलीचा मामा कुठे राहतो? त्याने आधी वकिलाकडे बघितलं. मग त्याला हसू आवरेना.

"साहेब, तुम्ही मूळचे कुठले?"

"बर्मिंगहॅम."

"तरीच. इतके दिवस तुम्ही तिच्या आईचा भाऊ शोधताय?" त्याने डोळे पुसले. "मुंबईला असता तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं. तिची आई फुटपाथवर बसते ना? तिथे मामा आला की टोपली उचलून पळायचं असतं. मामा म्हणजे तुम्ही, साहेब. वर्दीतला."

वकिलाने विचारलं, माझा अशील काय म्हणतोय? दुभाषीबाईंनी चष्मा सावरून शब्दाला शब्द इंग्रजी केलं: आईचा भाऊ म्हणजे आपण स्वतः आहात, असं ते सार्जंटना सांगत आहेत. वकील म्हणाला, माझ्या अशिलाला विश्रांतीची गरज आहे.

तो का बोलला? पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. ज्याला वर्षभर चहापाणी पुरवलं त्या वर्दीवाल्याने ऐन वेळी हात वर केले, हा त्याचा राग होता. आणि माझी फजिती बघायची संधी त्याला सोडवली नाही. चौकशीच्या खोलीत माणूस खरं बोलतो ते बहुधा असल्या क्षुद्र कारणांनी.

मी त्याच दुपारी मुलीकडे गेलो. या वेळी दुभाषीबाईंना बरोबर घेतलं.

"मामाने काय घातलं होतं?"

"काळे कपडे. टोपीला काळे-पांढरे चौकोन. खांद्यावर रेडिओ बोलत होता."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं तसं आजवर कोणी पाहिलेलं नाही. "सांगितलं की. पहिल्याच दिवशी सांगितलं. तुमच्या तिथे पण सांगितलं."

नंतर सगळं भराभर झालं, इतक्या भराभर की लाज वाटावी. तो आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर बसणारा कॉन्स्टेबल होता. शेजाऱ्यांनी त्या घराबद्दल तक्रार केली तेव्हा तोच गेला होता आणि 'काळजीचं कारण नाही' अशी नोंद करून आला होता. कौन्सिलरची कामं तो वरकमाई म्हणून करायचा. संध्याकाळपर्यंत त्याने पत्ता दिला. कार्डिफमधलं एक घर. सहा वर्षांच्या मुलीला तो सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीतून तिथे सोडून आला होता. मागच्या सीटवर झोपली होती, म्हणाला, काही त्रास दिला नाही.

कार्डिफच्या घराला कुलूप होतं. शेजारी हॉस्पिटलमध्ये काम करणारी एक नर्स राहत होती. तिने सांगितलं, हो, छोटी मुलगी होती, खिडकीत उभी राहायची, मी हात केला की हात करायची. गेल्याच रविवारी एका गाडीतून नेली.

गेल्याच रविवारी. म्हणजे मी मुंबईला दुसऱ्यांदा भाऊ विचारत होतो तेव्हा ती त्या खिडकीत होती. थोरलीने स्टेशनात माझी बाही धरली तेव्हाही होती.

बोटीवर, बेल्जियममध्ये, पुढे हॉलंडमध्ये शोध घेतला. तिच्यासाठी वापरलेला पासपोर्ट दुसऱ्या कुणाचा होता, खऱ्या नावाचा पत्ता मुंबईतही लागला नाही. ती सापडली नाही. कॉन्स्टेबलला शिक्षा झाली, घरमालकालाही. कौन्सिलरने प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिला. त्याच्या निरोपाच्या जेवणाला आमचे वरिष्ठ जाऊन आले.

या प्रकरणाने मला शिकवलं ते नव्या लोकांना मी नोकरी संपेपर्यंत सांगत राहिलो. न कळलेला शब्द आपण विचारतोच. जो कळला असं वाटतं, तो विचारा. लहान मूल कोणाचं नाव घेईल तेव्हा तो माणूस दिसायला कसा, अंगावर काय होतं, त्याचा आवाज कसा, हे मूर्खासारखं विचारा. आणि आपल्या भाषेचा गर्व घरी ठेवून कामावर या. ते मान डोलवायचे. मी मात्र माझी चूक कशी झाली एवढंच सांगायचो, तिची किंमत काय ते सांगत नव्हतो.

थोरली इथेच वाढली. आता एका नर्सरीत लहान मुलं सांभाळते, पगारावर, स्वतःच्या मर्जीने. कोर्टाचं काम संपलं त्या दिवशी तिने मला विचारलं होतं, "मी आधी सांगितलं ते तुम्हाला कळलं असतं, तर धाकटी मिळाली असती का?"

मी म्हटलं, "नाही. तू बोलायच्या आधीच तिला कार्डिफहून पुढे नेलं होतं."

तिने मान हलवली आणि तिला बरं वाटलं असं मला दिसलं. ते खोटं मी तिच्यासाठी बोललो, अशी समजूत मी बरीच वर्षं घालून घेतली. ते मी माझ्यासाठी बोललो होतो.

गेल्या वर्षी तिने मला देवनागरीत पहिला मेसेज पाठवला. मराठी वाचायला शिकते आहे, मिळेल ते वाचते, असं लिहिलं होतं. हेही तिच्या वाचनात यावं, म्हणून हे इंग्रजीत लिहिलं नाही.