ताईंचे उजवे मनगट

"मनगटाला उंबरठ्यावर बसवू नको गं!" असे म्हणत ताई हातातली फूटपट्टी माझ्या टेबलाच्या कडेवर आपटायच्या. उंबरठा म्हणजे ही टेबलाची कड. टाईप करताना माझे मनगट तिथे टेकलेले दिसले की त्यांना चैन पडत नसे. मी उचलायची आणि त्या वळल्या की पुन्हा टेकवायची. अशी शिस्त लावणारे एखादे माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल, आणि तुम्हीही त्याला असेच फसवत असाल.

शहागंजातल्या एका डीटीपीच्या दुकानात, माझ्याहून वयाने बऱ्याच मोठ्या ताई आणि मी, आम्ही दोघी कॉम्प्युटरवर बसायचो. लग्नपत्रिका, बिलबुके आणि त्या वर्षांत सगळ्यात जास्त म्हणजे प्लॉटच्या जाहिराती. शहर चहूकडे पसरत होते आणि पाऊस दर वर्षी दडी मारत होता. "चोवीस तास पाणी" हे शब्द आम्ही दिवसातून कितीदा तरी टाईप करायचो. ताई म्हणायच्या, "विचार बरं ह्यांना, चोवीस तास म्हणजे वर्षाचे का दिवसाचे?"

त्यांच्या उजव्या मनगटातली नस दबायला लागली होती. बोटांना मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी बजावले होते, जपले नाही तर ऑपरेशन, आणि त्यानंतरही पकड येईलच असे नाही. ताई एकट्या राहायच्या. हात गेला की काम गेले, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होते.

म्हणून त्या मनगटाला जावयासारखे जपायच्या. खुर्ची बुटकी होती, तर चुकीच्या छापलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा खाली घेऊन बसायच्या, म्हणजे कोपर कीबोर्डच्या उंचीला येई. "कुणाचं का होईना, लग्न माझ्या कामाला आलं," म्हणायच्या. प्रिंट निघू लागली की हात मांडीवर ठेवून मुठी उघडायच्या, मिटायच्या. माऊस डाव्या हाताने चालवायला शिकल्या, त्या आठवड्यात एका नवरदेवाचे आडनाव पत्रिकेच्या चौकटीबाहेर गेले.

आणि पाच वाजले की उठायच्या. मालकांनी कितीही गळ घातली तरी थांबायच्या नाहीत. मी त्यांना घड्याळबाई म्हणायची. "तू बस गं, तुझा हात तरणा हाय," म्हणत त्या पर्स उचलायच्या. उरलेले काम मी करायची, मालक माझे कौतुक करायचे, आणि खरे सांगते, मला ते आवडायचे.

पुंडलिकनगरात आम्ही एकाच घरात भाड्याने होतो. ताई खाली, मी आणि आई वर. बोअर आटलेले, गच्चीवरची टाकी कोरडी. संध्याकाळी टँकर यायचा, आणि ज्याने त्याने आपापली पिंपे भरून घ्यायची.

एवढे जपूनही ताईंचे मनगट बिघडतच गेले. दुकानात आम्ही सगळेच डॉक्टर झालो. मालकांनी नवा कीबोर्ड आणला. मी मनगटाखाली घ्यायला मऊ पॅड आणला आणि कॉम्प्युटरच्या नावाने बोटे मोडली.

एके दिवशी लाईट गेली ती येईचना. मालकांनी मलाही लवकर सोडले. ताई थोड्या आधीच निघाल्या होत्या. घरी पोचले तर त्या जिन्यावर. मनगटाला डॉक्टरांनी दिलेला पट्टा आणि त्याच हातात भरलेली कॅन. मनगट पार खाली ओढले गेले होते. मला आधी कळेना, ताई वर कशाला निघाल्यात? त्यांचे पिंप तर खालीच होते. मग कळले. ते पाणी आमचे होते.

आई म्हणाली, "रोजच आणतात की त्या. मला वाटलं, तुमचं दोघींचं ठरलं असंल. माझे गुडघे हे असे."

मी त्याच पाण्याने रोज हातपाय धुतले होते. घरातले पिंप भरते कोण, हे मी आईला एकदाही विचारले नव्हते. आजही नळाखाली हात धरला की मला लाज वाटते. ती कमी होत नाही.

"ताई, मला सांगितलं का नाय?" मी कॅन ओढून घेत विचारले.

"सांगून काय? तू बी पाचला उठली असती. मग मालकानं तुझ्याकडं बी तसंच बघितलं असतं, माझ्याकडं बघतो तसं." पट्टा सारखा करत त्या म्हणाल्या, "आन् मग काय, तुझ्या आईनं चढायचं व्हय हे घेऊन?"

दुसऱ्या दिवसापासून मीही पाचला उठू लागले. पण फार उशीर झाला होता. ऑपरेशन झाले, मुंग्या थांबल्या, पकड काही आली नाही. मालकांनी थोडी वाट पाहिली आणि मग ताईंची खुर्ची मला दिली, पत्रिकांच्या गठ्ठ्यासकट.

ताई हर्सूलला भावाकडे राहायला गेल्या. एका रविवारी मी गेले. मनातले सगळे बोलून टाकायचे ठरवून गेले होते, पण त्यांनी बोलूच दिले नाही. मालक, नव्या जाहिराती, आईचे गुडघे, सगळ्यांची चौकशी झाली. मग जरा ओशाळून त्यांनी कंगवा माझ्या हातात दिला आणि पाठ केली.

"वहिनी बाजारात गेली गं. तेवढी वेणी घालून दे. मला नाय जमत आता."

त्यांचे केस लांब आणि दाट होते. मी तीन पेड घेतले आणि शेवटपर्यंत घट्ट वेणी घातली. माझी मनगटे जराही दुखली नाहीत.