वहिनींचे बारा प्रश्न

वहिनी कशा होत्या, असं कोणी विचारलं असतं तर भावोजींची पंचाईत झाली असती. थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन घरात आल्या तेव्हापासूनची ओळख, पण ओळख म्हणजे काय, तर "चहा टाकू का?" आणि "टाका." त्या इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायच्या आणि त्यांची जीभ इस्त्रीहून गरम होती, यापलीकडे भावोजींना फारसं काही सांगता आलं नसतं. भाऊ गेल्यावर ते दर रविवारी वहिनींकडे जाऊन बसायचे, तेही निव्वळ रीत म्हणून.

पुढे वहिनींचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या मागच्या खोलीत खाटेला खिळल्या. पायाशी टीव्ही. डोळा उघडला की तो सुरू. मालिकेतल्या बायकांना त्या तोंडावर झापायच्या. "अगं बावळट, मागे बघ मागे!" भावोजी आले की आवाज कमी करायच्या, बंद मात्र नाही. भावोजींनाही ते सोयीचंच होतं. बोलावं लागत नसे.

वहिनींची सून एका वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात होती. बढतीसाठी ती संध्याकाळच्या वर्गाला जायची. तिथे संशोधन पद्धती नावाच्या विषयात ती एकदा आपटली होती. या खेपेला सरांनी माध्यमांवरच्या एखाद्या आकडेवारीच्या अभ्यासाचा सारांश लिहून आणायला सांगितला. शेवटी स्वतःचं निरीक्षण जोडलं तर जादा गुण.

सुनेने निवडलेला अभ्यास म्हाताऱ्या माणसांवर होता. कुणीतरी शेकडो म्हाताऱ्यांना विचारलं होतं, टीव्ही किती तास बघता आणि एकटं किती वाटतं? जे जास्त बघत होते त्यांना जास्त एकटं वाटत होतं. टीव्हीमुळे एकटेपण येतं की एकटी माणसं टीव्ही लावून बसतात, ते सांगता येत नाही, असं त्यात शेवटी लिहिलेलं होतं. सून तिथवर पोचली नाही. तिला निरीक्षणाची घाई होती, आणि मागच्या खोलीत निरीक्षणाला माणूस आयताच पडलेला होता.

त्या रविवारी ती अभ्यासाच्या सुरुवातीला दिलेले बारा प्रश्न घेऊन खाटेशी बसली.

"आई, आपल्याशी बोलायला कोणी नाही असं वाटतं? कधीच नाही, कधी कधी, की नेहमी?"

"आत्ता तर तू बोलतेयस की."

"एकच उत्तर सांगा."

"मग नेहमी."

"आपण इतरांना नकोसे झालोय असं?"

"हे मला काय विचारतेस? इतरांना विचार." वहिनी भावोजींकडे बघून हसल्या. सुनेने 'नेहमी'वर खूण केली.

एकटेपणाच्या गुणांची बेरीज भरपूर झाली. सुनेने टीव्हीची तार काढली. "महिनाभर टीव्हीशिवाय राहून बघू. तुमच्याच भल्यासाठी."

वहिनींचा मुलगा टीव्ही उचलायला आला. "अरे, तू तरी सांग तिला," वहिनी म्हणाल्या. "तिचा अभ्यास आहे, आई," म्हणून तो टीव्ही घेऊन गेला.

नंतर दर रविवारी खोलीत बसणं भावोजींना जड जाऊ लागलं. वहिनी समोरच्या रिकाम्या टेबलाकडे बघत पडलेल्या असायच्या. महिना सरत आला तेव्हा त्यांनी भावोजींना हळूच जवळ बोलावलं.

"आज ती परत विचारणार आहे. या वेळी मी वाकडं काही बोलायचीच नाही. मागे तोंड चालवलं, म्हणून चिडून टीव्ही नेला तिने. खूश झाली की देईल."

भावोजींनाही ते पटलं. "हो, गोडीगुलाबीने घ्या," ते म्हणाले.

सून बसली. बोलायला कोणी नाही असं वाटतं? "कधीच नाही गं. तू आहेस ना." नकोसे झालोय असं? "छे, कधीच नाही." बाराही प्रश्नांना वहिनींनी शहाण्या मुलीसारखी उत्तरं दिली. बेरीज एवढीशी आली. सुनेचा चेहरा खरोखरच उजळला.

"बघितलंत काका? आई किती सुधारल्या!"

"मग आता देशील ना टीव्ही?" वहिनींनी विचारलं.

"आता कशाला, आई? त्याच्याशिवाय तर बऱ्या झालात."

वहिनींना कळायला जरा वेळ लागला. मग त्या कोपरावर उठू लागल्या. "अगं, मी खोटं बोलले. खोडून टाक ते. मला एकटं वाटतं. नेहमी वाटतं. सगळ्याला नेहमी लिही."

"मघाशी खरं बोललात. आता टीव्ही हवा म्हणून खोटं बोलताय. सवय लागली की माणसं असंच करतात." सून कागद सारखे करत भावोजींकडे वळली. "तुम्ही इथेच होतात, काका. मी शब्द तरी घातला का त्यांच्या तोंडात?"

"नाही," भावोजी म्हणाले. ते खरंच होतं.

"भावोजी, सांगा ना तिला!"

भावोजींनी कपातला गार चहा ढवळला. "मला त्यातलं काय कळतंय, वहिनी?"

सून त्या विषयात सुटली. सरांनी तिचं निरीक्षण वर्गात वाचून दाखवलं, एवढ्या आपुलकीने सासूकडे बघणारी सून विरळा, असंही म्हणाले. टीव्ही सुनेच्या बहिणीकडे गेला. तिच्या मुलांना हवाच होता.

वहिनी मग कुणालाच झापेनाशा झाल्या. जेवण अर्धं परत जायचं. सून म्हणायची, आई हल्ली किती शांत झाल्यात. आणखी थोडेच रविवार मिळाले. शेवटच्या रविवारी भावोजी निघण्याआधी खिडकी लावायला उठले.

"राहू द्या उघडी," वहिनी म्हणाल्या. "पलीकडच्यांचा टीव्ही ऐकू येतो."

"वारा झोंबतोय, वहिनी."

"झोंबू दे. बातम्या लागतील आता."

"बरं. येतो मग."

"या. जाताना दार ओढून घ्या, स्वयंपाकघरातला आवाज मध्ये येतो."