आत्याचं अर्धं गाणं

"गाणं मध्येच तुटतंय. फाइल खराब झाली असेल," शेजारच्या काकू मागच्या सीटवर काकांना हळूच म्हणाल्या. मी त्यांना बाबांच्या गाडीतून इथल्या, आखातातल्या अल वक्राच्या मेट्रोपर्यंत सोडत होते. बाबा जाऊन महिना झाला होता. मला काहीच वाटत नव्हतं, फक्त एसीचा वारा बोटांना गार लागत होता.

मी दहा वर्षांची असताना याच रस्त्यावर बाबांनी हेच गाणं लावलं होतं. वैनगंगेच्या वाळूतून सोनं धुताना बायका म्हणतात ते, आत्याच्या आवाजात. मागे पाणी आणि लाकडी परातीत खरखरणारी वाळू. सोन्याचा कण दिसला तरच शेवटची ओळ म्हणायची, ही त्यांची रीत.

"टेप अडकली काय रे?" गाडीत बसलेल्या बाबांच्या मित्राने विचारलं. आता मी सांगेन म्हणून बाबांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. रीत मला ठाऊक होती, पण माझी आत्या वाळू धुते, हे मला सांगायचं नव्हतं.

"टेप जुनी आहे, अंकल," मी इंग्रजीत म्हणाले.

बाबांनी गाणं बंद केलं. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. पाहुण्यांसमोर त्यांनी ते पुन्हा कधीच लावलं नाही.

मी आरशात काकूंकडे पाहिलं.

"फाइल चांगली आहे, काकू. त्या दिवशी माझ्या आत्याला सोनं सापडलं नव्हतं."