सुर्वे यांचा शेवटचा अहवाल

सुर्वे गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांचंच पत्र माझ्या टेबलावर पडलं होतं. "मास्तर, हे गेले... चहा घेत बसले होते, तसेच..." एवढंच सुर्वेवहिनी बोलल्या. बोळिंजला आमच्या इमारती समोरासमोर. चप्पल अडकवून मी धावतच गेलो. चहाचा कप अजून टीपॉयवर होता आणि अर्धा भरलेला होता. आता पाच आठवडे होतील. लोक म्हणतात, मास्तर, एवढं काय मनाला लावून घेता, पिकलं पान होतं. त्यांना मी काय सांगणार? वयाचं मला काही वाटत नाही. टेबलावरच्या त्या पत्राचं वाटतं.

सुर्वे सरकारी शस्त्र कारखान्यात तपासनीस होते. रायफलीला खालून अडकवायची गोळ्यांची पत्र्याची पेटी असते, तिला मॅगझीन म्हणतात. मॅगझिनं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. काही कारखान्यात बनत, काही बाहेरच्या छोट्या वर्कशॉपांकडून करून घेत, आणि बनवणाऱ्या प्रत्येकाची एक खूण त्यावर ठोकलेली असे. एखादं मॅगझीन बिघडून परत आलं की ते कोणी बनवलं, हे खुणेवरून ओळखून लिहून द्यायचं, हे सुर्व्यांचं काम. खूण झिजलेली असली तर ते तिच्यावर खडू घासत, फुंकर मारत आणि खिडकीशी तिरपं धरत. "उजेड समोरून घेतला की खूण लपते, मास्तर. बाजूनं घ्यायचा." निवृत्तीनंतरही ही खोड गेली नाही. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पोहे संपवून त्यांनी स्टीलची बशी उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बुडावरचा छाप वाचत बसले. आमच्या सौभाग्यवतींना वाटलं, बशीला काही लागलंय. त्यांनी ती दोनदा घासली आणि रात्रीपर्यंत माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

असा हा बारीक नजरेचा माणूस. म्हणूनच त्यांनी सोसायटीच्या बागेत मला ती गोष्ट सांगितली तेव्हा आधी मला खरीच वाटेना. पुष्कळ वर्षांपूर्वी सरावाच्या मैदानावरून चाळीसएक मॅगझिनं परत आली होती. सगळ्यांचा मागचा सांधा उसवलेला. वरच्या साहेबांना दुपारच्या आत नाव हवं होतं. मॅगझीनचा डबा आणि बुडाची पट्टी वेगवेगळी निघते, आणि खूण दोन्हींवर असते. डब्यांवर काळा रंग इतका जाड बसला होता की खूण दिसेना. बुडाच्या बऱ्याच पट्ट्यांवर मात्र त्रिकोण स्वच्छ दिसत होता. त्रिकोण म्हणजे माणिकपूरच्या बस्त्यावशेठचं वर्कशॉप. सुर्व्यांनी तसं लिहून दिलं. बस्त्यावचं काम बंद झालं आणि पुढे वर्कशॉपही बंद पडलं.

"आणि चूक काय झाली?" मी विचारलं.

"मैदानावर मॅगझिनं साफ करताना सगळी उघडतात. दहा जणांचे भाग रॉकेलच्या एकाच ट्रेमध्ये. जोडताना कुणाची पट्टी कुणाच्या डब्याला लागेल, नेम नाही. डबा एकाचा, बूड दुसऱ्याचं. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मीच शिकवायचो, बूड बघून नाव लिहायचं नाही, डबाच बघायचा. आणि मीच..."

भंगारात टाकण्याआधी त्यांनी एका डब्याचा रंग सहज खरवडला. खाली चांदणी निघाली. दुसऱ्याचा खरवडला, तिथेही चांदणी. मग सगळेच खरवडले. चाळीसच्या चाळीस डबे भलत्याच कुणाचे. ते साहेबांकडे गेले. फाईल बंद झालीय, आता घाण उकरू नका, असं साहेब म्हणाले. सुर्व्यांची बढती तोंडावर होती. ते गप्प बसले. "घाबरलो, मास्तर. दुसरं काही नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, हे लपवत नाही. पण आपली लाज स्वतःहून अशी काढून दाखवणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

बस्त्यावशेठ अजून आहेत, त्याच घरात राहतात, असं सुर्व्यांनी शोधून काढलं होतं. त्यांना भेटून सगळं सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटणार नाही ही भीती. म्हणून पत्र लिहून न्यायचं आणि सोबत मी यायचं, असं ठरलं. गेल्या गणपतीत त्यांनी पत्र माझ्याकडे आणून दिलं. "तुम्ही मराठी शिकवलंत जन्मभर. जरा नजर फिरवा."

मी नजर फिरवली आणि मला हसू आलं. वर विषय, खाली एक, दोन, तीन असे आकडे. "अहो सुर्वे, हे माफीपत्र आहे की पंचनामा? माणसाच्या काळजाला हात घालायला हवा!" ते ओशाळले. म्हणाले, "मला एवढंच लिहिता येतं. तुम्ही नीट करा."

मी नीट करायला घेतलं, आणि तिथेच सगळं बिघडलं. पहिला मसुदा कोरडा वाटला, दुसरा जरा जास्तच ओला. मग दिवाळी आली, मग नातीच्या परीक्षा, मग माझा गुडघा. सुर्वे घाई करणारे नव्हतेच. बागेत भेटले की आडून विचारत, "झालं का?" मी म्हणे, "अहो, अशी कामं घाईनं होत नाहीत." उन्हाळ्यात एकदा म्हणाले, "मास्तर, आहे तसंच नेऊ या का? रविवारी जाऊ." मी त्यांना चक्क गप्प केलं. शेवटचा परिच्छेद तेवढा राहिलाय म्हणालो. त्यांनी मान डोलावली... पुन्हा विचारलं नाही.

तेराव्यानंतरही मला धीर होईना. शेवटी गेल्या रविवारी माणिकपूरला गेलो. एका खिशात माझा तीन पानी मसुदा, दुसऱ्या खिशात सुर्व्यांचं एक पान. बस्त्यावशेठ आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. दारात त्यांच्या मुलाची, आंतोनची रिक्षा उभी होती. "या, बसा. आंतोन, पानी आन," असं म्हणून म्हाताऱ्यानं मला बसवलं. कारखान्यातल्या सुर्वेसाहेबांचं पत्र आणलंय, असं मी सांगितलं. ते गेल्याचं बोललो नाही. आधी पत्र होऊ दे, मग सांगू, असं मनाशी म्हटलं. लांबणीवर टाकायची माझी जुनी सवय.

मसुदा काढायला खिशात हात घातला. पण भिंतीवरच्या क्रुसाखाली ताठ बसलेल्या त्या माणसासमोर माझी ती 'पश्चात्तापानं पोळलेली अंतःकरणं' वाचायची माझीच मला लाज वाटली. मी सुर्व्यांचं पान काढलं. म्हाताऱ्याची नजर अधू, म्हणून त्यानं ते आंतोनकडे दिलं. आंतोन पन्नाशीचा, अबोल. तो उभ्यानंच वाचू लागला.

"एक. बुडाच्या पट्टीवर त्रिकोण, म्हणजे आपली खूण. दोन. डब्यावर, रंगाखाली, चांदणी. म्हणजे डबा आपला नव्हे. तीन. उसवलेला सांधा डब्याचा. चार. आपण बनवलेले डबे मी नंतर स्वतः तपासले. सांधा निर्दोष. पाच. चूक माझी. ती कळूनही गप्प राहिलो, तीही माझी."

चौथ्या आकड्याशी आंतोनचा आवाज अडखळला होता. "चार परत वाच," म्हातारा म्हणाला. त्यानं परत वाचलं. सांधा निर्दोष.

म्हातारा माझ्याकडे वळला. "वेल्डिंग हा करायचा. बावीस वर्षांचा होता. मी याला जेवता जेवता बोललो, तुझ्या हातानं धंदा बुडवला. त्यानंतर यानं मशीनला हात नाय लावला. एका घरात राहतो आमी, पन कामापुरतं बोलतो." मग मुलाकडे न बघताच म्हणाला, "तुझा हात बरोबर होता रे, बाबा." आंतोन खाली बसला आणि कागद मांडीवर ठेवून त्याच्या घड्या तळव्यानं सपाट करत राहिला.

थोड्या वेळानं म्हातारा काठी शोधू लागला. "आंतोन, रिक्षा काढ. सायबाकडं जाऊ. एवढं लिवलंय त्यानं, त्याला सांगून येऊ, आमचा राग नाय."

आता मला बोलावंच लागलं. "सुर्वे गेले. महिना होऊन गेला."

म्हातारा काठी हातात घेऊन तसाच उभा राहिला. आंतोन कागदाच्या कोपऱ्याकडे बघत होता. सुर्वे तारीख घातल्याशिवाय कधी सही करत नसत.

"ही चिठ्ठी तर दहा महिन्यांपूर्वीची हाय," तो म्हणाला. "एवढे दिवस कुठं होती?"

"माझ्याकडे," मी म्हणालो.