देवणीच्या सोन्याच्या ताटात जावयाचं जेवण

"सोन्याचं ताट बघायचं असंल तर माझ्या पूजाच्या लग्नाला ये," मावशीचा देवणीहून फोन आला आणि मी नांदेडहून उदगीरची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे. राजाने दिलेला आहेर बघायला मी अशा थाटात निघाले. मुखेडपर्यंत गाडी भरलेली असते, पुढे खिडकी मिळते. उदगीरच्या स्टँडवर सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले चुरमुरे, आणि चहा घ्यावा, मग देवणीची गाडी धरावी.

मावशीच्या सासरी सोन्याचं ताट आणि वाटी आहे, कडेने मोरांची नक्षी. तिच्या आजेसासऱ्यांच्या लग्नात एका राजाने दिलं म्हणतात. राजाचं नाव दर लग्नात बदलतं. नव्या जावयाचं पहिलं जेवण त्यातच वाढतात आणि त्याआधी घरच्या सुना ते चिंच लावून लख्ख घासतात.

मी पोचले तेव्हा मावशी मोरीपाशी ताट पुढ्यात घेऊन सुन्न बसली होती. आत पितळ होतं. सोन्याचा नुसता मुलामा, तोही तीन पिढ्यांच्या सुनांनी मन लावून घासून काढलेला. चिंचेने पितळही झळकतं, म्हणून लांबून कुणाला कळलं नव्हतं.

"व्याही लातूरचे सराफ हायेत गं," ती म्हणाली. "हातात घेतलं की वळखतील. पोरीला जल्मभर टोमणे खावे लागतील."

"मग केळीच्या पानावर वाढ."

"अन् गावाला काय सांगू?"

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जावई जेवायला बसले. मावशीने पुरणपोळ्यांनी ताट असं झाकलं की बिचाऱ्यांना मीठ सापडेना. शेजारी बसलेल्या व्याह्यांनी मात्र वाटी उचलली, तळहातावर तोलली आणि मावशीकडे पाहिलं.

"बावनकशी हाय," सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं ते म्हणाले. "असं काम आता व्हत न्हाई."

मावशीचे डोळे भरून आले. मला तो माणूस फार आवडला. मावशीच्या दोन्ही दिरांनाही आवडला असावा, कारण हात धुवायच्या आधीच त्यांनी ताटाची वाटणी मागितली.

मी नांदेडला परतले. देवणीत बघण्यासारखं काय, असं कुणी विचारलं तर मी तिथल्या नावाजलेल्या देवणी जातीच्या गाई सांगते; त्यांना मुलामा नसतो. पण मनात घोर होता तो पूजाचा. गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. तिने ताट-वाटी पूजाबरोबर लातूरला पाठवून दिली होती.

"दीर भांडत नाहीत का?"

"भांडायलेत की. पर सराफानं बावनकशी म्हणलेलं सोनं सराफाच्याच घरात हाय. आता तिथं माझ्या पोरीला कोण टोमणा मारंल?"