शनिवारपर्यंत दोन नावं

"शनिवारपर्यंत मला दोन नावं द्या," दिलीप म्हणाला आणि मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. "कुणाची ते तुम्हीच ठरवा, मावशी. तुम्ही त्यांना ओळखता."

लक्ष्मीदेवी उभीच होती. समोर खुर्ची रिकामी असली तरी ती कामाच्या जागी कधी बसत नसे. मेस्त्रीनं बसायचं नसतं, असं तिचं मत होतं.

म्हैसूरजवळ हूटगळ्ळीच्या पलीकडे, नव्या घरांच्या रांगा संपून शेतं सुरू होतात तिथे, दिलीपची भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. दोन पॉलिहाऊस आणि एक पत्र्याची शेड. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये नारळाचा भुसा भरायचा, प्रत्येक खणात खळगा पाडून एकेक बी टाकायचं, वरून झाकायचं आणि ट्रे आत नेऊन मांडायचे. रोपं वीतभर झाली की शेतकरी येऊन घेऊन जातात. या कामाला नऊ बायका होत्या आणि त्यांच्यावर मेस्त्री लक्ष्मीदेवी. मुकादमाला इकडे मेस्त्री म्हणतात, मग तो बाप्या असो की बाई.

भानगड सुरू झाली ती आकड्यावरून. म्हैसूरच्या आसपासच्या सात नर्सरीवाल्यांनी यंदा ठरवलं की प्रत्येकानं आपला एक आकडा खरा सांगायचा: एका माणसाच्या तासाभराच्या कामात किती ट्रे तयार होतात. नावं झाकून ते सात आकडे एकाखाली एक मांडायचे, म्हणजे आपण कुठे आहोत हे ज्याचं त्याला कळेल. दिलीप याला बेंचमार्किंग म्हणे. पुण्याहून इथल्या एका कंपनीत नोकरीला आलेला आणि पाच वर्षांपूर्वी ती सोडून नर्सरीत पडलेला हा माणूस आकड्यांवर पोरासारखा जीव टाकी. आणि त्याचा स्वतःचा आकडा निघाला सातवा. पहिल्याच्या निम्मा.

"रोपांच्या किमतीत मोठा वाटा मजुरीचा असतो," तो म्हणाला. "म्हणूनच आपलं रोप महाग पडतं आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. माणसं जास्त झालीत, दुसरं काय?"

"माणसं जास्त असती तर सुम्ने बसलेली दिसली असती की," लक्ष्मीदेवी म्हणाली. "माझ्या बायका उगाच बसलेल्या कधी पाहिल्या तुम्ही?"

"तेच तर. सगळ्या दिवसभर राबतात आणि आकडा मात्र सातवा."



दोन नावं कुणाची, हे सांगायला ज्योतिषी नको होता. एक सिद्धम्मा. तिचे गुडघे गेलेले. प्रत्येक कामात सगळ्यांच्या मागे. दुसरी पवित्रा. हात विजेसारखे, पण शाळेतून पोर घरी यायच्या वेळेला ती रोज निघून जाई. त्या दिवशी पोराला सुट्टी होती म्हणून पवित्रा संध्याकाळच्या बसला सगळ्यांबरोबर होती, आणि दोन नावांची बातमी तोवर शेडभर झाली होती. बसमध्ये लक्ष्मीदेवी तिच्या शेजारची रिकामी जागा सोडून पुढे जाऊन उभी राहिली, तेव्हा पवित्रा मागून कन्नडमध्ये म्हणाली, "आज मेस्त्री माझ्याशेजारी बसत नाहीत. म्हणजे एक नाव कळलं. सिद्धम्मा, दुसरं तुझं का गं?"

बायका हसल्या. सिद्धम्मा हसली नाही.

लक्ष्मीदेवीचं माहेर मंडी मोहल्ल्यातलं, रंगाऱ्याचं. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेलं हे घर मराठीत बोले आणि कन्नडमध्ये भांडे. तिच्या लहानपणी मागच्या अंगणात रंगाची कढई उकळत असे. कापड कढईत सोडलं की वडील आरोळी ठोकत, "चला, सगळे हात!" मग जेवणारा ताटावरून उठे, पाणी भरणारी घागर खाली ठेवी. कापड सतत फिरतं ठेवलं नाही तर डाग पडतो, आणि डाग पडलेलं लुगडं रंगाऱ्याच्याच गळ्यात पडतं. कढईच्या तोंडाशी मात्र फक्त वडील उभे राहत. बायकांनी तिथे उभं राहायचं नाही, असा रिवाज होता.

पुढे कढई विझली, भाऊ छपाईच्या मशीनवर गेले, आणि लक्ष्मीदेवी नवऱ्याच्या आजारपणात या नर्सरीत रोजंदारीला लागली. दिलीपनं नर्सरी घेतली तेव्हा त्याला कन्नड येत नव्हतं. मराठी बोलणारी एकच बाई सापडली, तिला त्यानं मेस्त्री केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फाटकात उभं राहून आरोळी दिली, "चला, सगळ्या हातांनी!" आणि आपण कढईच्या तोंडाशी उभ्या आहोत, असं तिला वाटलं.

तेव्हापासून नर्सरी त्या आरोळीवर चाले. आधी सगळ्या मिळून भुसा भरत. तो संपला की सगळ्या हात धुऊन शेडच्या दुसऱ्या टोकाला जात आणि खळगे पाडत. मग सगळ्या बी टाकत. मग सगळ्या ट्रे वाहत. आता दिलीप कन्नड फाडफाड बोलू लागला होता, आणि मेस्त्रीची जागा नुसत्या मराठीवर टिकणार नाही हे तिला कळत होतं.

बुधवारी ती दिलीपला म्हणाली, "नावं देते. पण आधी तो पहिला नंबर डोळ्यांनी पाहू द्या."

पहिली कोण हे गुपित नव्हतं. सरगूरची नर्सरीवाली वर्षिणी स्वतःच सगळ्यांना सांगत सुटली होती, या, बघा, चुका काढा. गुरुवारी दोघं गाडीनं तिथे गेले.

वर्षिणीच्या शेडमध्ये आरोळी नव्हती. एका लांब टेबलावर लोखंडी रोलर बसवलेले, आणि बायका आपापल्या जागी. पहिली ट्रे भरून पुढे ढकले, दुसरी खळगे पाडी, पुढच्या चौघी बी टाकत, शेवटची झाकून गाड्यावर ठेवी. बी टाकणाऱ्यांत सिद्धम्माच्या वयाची एक बाई पाटाएवढ्या स्टुलावर बसून होती. तिच्यासाठी कुणी थांबत नव्हतं, आणि तिलाही कुणासाठी थांबावं लागत नव्हतं.

"तुमची मेस्त्री कुठंय?" लक्ष्मीदेवीनं विचारलं.

"होती, अक्का," वर्षिणी म्हणाली. "आता पुढे ट्रे साचले की शेवटची बाई पहिलीला सांगते, दम धर. तेवढ्यात भागतं. मेस्त्रीचे तासही आकड्यात धरावे लागतात ना."

लक्ष्मीदेवीनं पदर खांद्यावरून घट्ट ओढला.

परतताना दिलीप म्हणाला, "रोलरचा खर्च आपल्याला झेपणार नाही यंदा. त्यापेक्षा दोघी कमी करणं सोपं."

त्यानं रोलर पाहिले होते. तिनं चालणं पाहिलं होतं. वर्षिणीकडे ट्रे चालत होते, आपल्याकडे बायका चालतात. एकीचं भरून व्हायचं असतं, आठ जणी ओले हात घेऊन तिची वाट पाहतात, आणि ती मागे राहिलेली सिद्धम्मा सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. ट्रेला कढईसारखा डाग पडत नाही. तो थांबू शकतो. पाच वर्षं तिनं नऊ बायकांना उगाच एका कढईभोवती फिरवलं होतं.

हे सांगावं, तर दोघी वाचतात. पण मग मेस्त्री कशाला हवी, हे दिलीपला दुसऱ्या वाक्यात सुचेल. नाही सांगितलं, तर शनिवारी दोन नावं सांगून ती पुन्हा फाटकात उभी राहू शकत होती. गाडी हूटगळ्ळीला लागेपर्यंत ती बाहेर बघत राहिली. डोळ्यांपुढे शेत येत होतं, दिसत मात्र स्टूल होतं.

"रोलर नकोत," ती शेवटी म्हणाली. "टेबलं जोडून लावा. उद्याचा एक दिवस द्या. टोमॅटोची ऑर्डर आहेच."

दिलीपनं तिच्याकडे पाहिलं. "ती ऑर्डर टी. नरसीपूरची आहे, मावशी. हुकली तर ते गिऱ्हाईकही जाईल."

"हुकली तर तिसरं नाव माझं घाला."

शुक्रवारी सकाळी रांग लागली आणि तासाभरात तुंबली. भरायला तिघी लावल्या होत्या, त्यांनी ट्रेंचा डोंगर केला. बी टाकणाऱ्यांच्या पुढे जागा उरेना. दोन ट्रे खाली पडून भुसा सांडला.

"बरं केलंत, मेस्त्री," पवित्रा म्हणाली. "जाता जाता सर्कस दाखवलीत."

दिलीप शेडच्या तोंडाशी मोबाइल घेऊन उभा होता. लक्ष्मीदेवीच्या घशात आरोळी आली. "चला, सगळ्या हातांनी!" एवढं म्हटलं की सगळ्या धावून डोंगर उपसतील. तिनं दात आवळून ती गिळली. "भरणाऱ्यांपैकी एकीनं उठा," ती म्हणाली. "बी टाकायला या. सिद्धम्मा, तू स्टुलावर बस आणि उठू नकोस."

"पाणी प्यायलाही नको?"

"पाणी मी आणून देते."

हळूहळू डोंगर उतरला. दुपारी टेबलांवरून ट्रे एकसारखे सरकू लागले, बोलणंसुद्धा कमी झालं. आणि नेमकं तेव्हाच पवित्रा उठली. पोराची वेळ झाली होती. तिनं पिशवी उचलली, आणि तिच्या जागी, बी टाकणाऱ्यांच्या मधोमध, भोक पडलं. एक ट्रे येऊन थांबला. दुसरा त्याला टेकला. सगळ्यांनी मेस्त्रीकडे पाहिलं. दिलीपनंही.

लक्ष्मीदेवीनं पदर खोचला, हात धुतले आणि पवित्राच्या स्टुलावर बसली.

थोड्या वेळानं सिद्धम्मा शेजारून म्हणाली, "एका खणात दोन बिया टाकताय. मेस्त्री ओरडेल हं."

शनिवारी दिलीपनं तिला बोलावलं. "वर्षिणीच्या जवळपासही नाही आपण. पण सातवेही नाही. पाचवे असू. अर्थात एका दिवसाचा आकडा खरा नसतो, हंगामभर टिकला पाहिजे."

"आणि नावं?"

"हंगाम संपेपर्यंत मागणार नाही." मग त्यानं मोबाइल उलटा केला. "त्यानंतरचं आज सांगत नाही."

"स्वल्प आणखी ऐका," ती म्हणाली. "पवित्रा पोराला सकाळी शाळेच्या बसमध्ये बसवून इथे येते आणि माझी आरोळी होईपर्यंत फाटकावर बसून राहते. तिला आल्याबरोबर भरायला लागू दे. दुपारचं गेलेलं सकाळी भरून निघेल. आणि हजेरीत मला वेगळं धरू नका, नऊ जणींतच घाला. दहावी."

दिलीपनं विचारलं, "मेस्त्रीचा भत्ता?"

"तो राहू दे की. मेस्त्रीपण सोडलं, अक्कल नाही सोडली."

तो हसला, पण हो म्हणाला नाही. विचार करतो, म्हणाला.

सोमवारी ती नेहमीच्या बसनं उतरली. फाटकात कुणीच नव्हतं. शेडमधून ट्रे टेबलावर आपटल्याचा आवाज येत होता, एक, मग दुसरा. पवित्रानं सुरू केलं होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा काम तिच्याआधी सुरू झालं होतं. लक्ष्मीदेवी सवयीनं फाटकात थांबली. आरोळी ओठांशी आली, थोडा वेळ तिथेच राहिली.

मग तिनं नळावर जाऊन हात धुतले आणि स्टूल शोधायला आत गेली.